नुसतं चाखलं

“श्वासात ओढायचं नाही, गिळायचं. रोज सकाळी चार फवारे. आणि नंतर अर्धा तास घशाखाली काही जाता कामा नये. पाण्याचा घोटसुद्धा नाही.”

डॉक्टरीणबाईंचा आवाज अजून तिच्या कानात होता. ती कारखान्याच्या कॅन्टीनमागे, कांद्याच्या पोत्यांआड उभी होती. आत तिचा नवरा, तिथला मुख्य आचारी, पातेल्याखालचा गॅस मोठा करत होता.

दोन महिने तो अन्ननलिकेच्या सुजेवर स्टिरॉइडचा फवारा घेत होता. निदान घेतो म्हणायचा. काल दुर्बिणीतून पाहिलं, तर सूज तसूभर हलली नव्हती. “अशीच राहिली तर नळी आकसत जाईल, घास अडकून बसेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग त्याला सोडून तिलाच विचारलं, “औषध पोटात जातंय ना नक्की?”

तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. स्टिरॉइडनं तोंड भोपळ्यासारखं होतं, असं नणंदेनं त्याच्या मनात भरवलेलंच होतं. तिनं बेसिन हुंगून पाहिलं. डबीवरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पाहिला. रोज चारच्या हिशेबानं तो बरोबर उतरला होता. पण आकड्याचं काय, भिंतीवर फवारलं तरी उतरतो.

आज त्यानं तिच्यासमोर चार फवारे गिळले, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे चूळ भरून थुंकला आणि निघाला. ती मागोमाग.

त्यानं पळी बुडवली. तळहातावर रस्सा घेतला, चाटला. मग दुसरं पातेलं. मग तिसरं.

“अहो!”

पळी हवेतच थांबली. भाजी चिरणाऱ्या मावशींनी मान वर केली. “घ्या! साहेब आले नाहीत, पण तपासणी आली.”

“अर्धा तास झाला का?” तिनं विचारलं.

“मी खाल्लं कुठं काय?” तो खरंच गोंधळला होता. “नुसतं चाखलं.”

“मग चाखलेलं जातं कुठं?”

त्यानं पळी पातेल्यावर आडवी ठेवली.

“हाताखाली शिकलो त्या वस्तादांना शब्द दिलाय,” तो म्हणाला. “आचाऱ्यानं चाखल्याशिवाय पातेलं बाहेर जायचं नाही.”

“अर्धा तास आधी उठा मग.”

“चारला उठतो मी. आणखी आधी उठवायचं, तर झोपूच देऊ नकोस.”

“मावशींना चाखू द्या.”

“त्यांना बारमाही सर्दी.”

मावशींनी नाक ओढून दुजोरा दिला.

“बरं,” ती म्हणाली. “तुमचा अर्धा तास होईपर्यंत मी चाखीन. रोज.”

त्यानं तिला नखशिखांत न्याहाळलं. “तुला मीठ कळतं?”

“वीस वर्षं जेवताय की माझ्या हातचं.”

“म्हणूनच विचारतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं चौथा फवारा गिळला. बेसिनवरच्या आरशात त्याला ती दिसली, दाराशी चपला चढवताना. ओट्यावर तिच्या चहाचा कप काठोकाठ भरलेला होता. साय धरलेला.

“चहा घेतला नाहीस?”

“जीभ कोरी हवी,” ती म्हणाली, आणि त्याच्याआधी जिना उतरू लागली.