पहिला घोट

विद्यापीठाच्या अंगणात बाईसाहेब रायबागेंच्या पुतळ्याला हार घालून झाला आणि कुलगुरूंनी आल्याच्या काढ्याचा पेला तान्हूबाईंच्या हाती दिला. संस्थापिकेच्या पुण्यतिथीला तिच्या आवडत्या काढ्याचा नैवेद्य असायचा. यंदा तो दाखवायचा मान तिच्या म्हाताऱ्या सोबतिणीला मिळाला होता.

बाईसाहेबांच्या यजमानांनी रेल्वेचे रूळ टाकून गडगंज पैसा कमावला होता. ते आणि एकुलता एक मुलगा गेल्यावर बाईसाहेबांनी तो सगळा या विद्यापीठात ओतला, तसे घरचेच लोक दातओठ खाऊ लागले. एकदा दुधात विष सापडलं. तेव्हापासून काहीही आलं की पहिला घोट तान्हूबाईंचा, मग बाईसाहेबांचा. "माझ्याआधी मरायची एवढी कसली घाई गं तुला?" बाईसाहेब हसून म्हणायच्या.

बाईसाहेबांच्या अखेरच्या संध्याकाळी काढा आला, तेव्हा त्यांनी तान्हूबाईंना शाल आणायला आत पाठवलं. त्या परत आल्या तर पेला अर्धा झालेला. "कडू लागतंय गं. तू नको घेऊस," म्हणत बाईसाहेबांनी उरलेला काढा खिडकीबाहेर ओतून दिला.

विष कुणी घातलं, ते आजतागायत उघडकीला आलं नाही. तान्हूबाईंचा जीव मात्र त्या हुकलेल्या घोटातच अडकून राहिला.

आता पुतळ्यासमोर त्यांनी पेला ओठांना लावला.

"अहो आजी, नैवेद्य उष्टा केलात!" कुलगुरू ओरडले.

तान्हूबाईंनी घोट जिभेवर घोळवला, सावकाश गिळला आणि पेला पुतळ्याच्या पायाशी ठेवला.

"घ्या बाईसाहेब," त्या म्हणाल्या, "आज गोड आहे."