पंप जुळला

व्हॅनचा वॉटर पंप गेला, म्हणून भद्रावतीला श्रावणच्या भंगारात जुना पंप पाहायला गेलो. आधी एकदा फसलो होतो, त्यामुळे माझा मोडका पंप शेजारी ठेवून सगळं ताडून पाहिलं. मॉडेल कोणत्या सालचं, पुली केवढी, बोल्टची भोकं जुळतात का. श्रावण जराही वैतागला नाही.

"पाहून घ्या भाऊ. मंग वापस नाई होत."

पंप जुळला. भर उन्हात त्यानंच तो बसवून दिला. तेवढ्यात त्याची बायको तांब्याभर पाणी घेऊन आली. तांब्या घ्यायला हात पुढे केला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आडनाव काय तुमचं?"

"खोब्रागडे," श्रावण म्हणाला. "बौद्ध आहो आमी."

"राहू द्या. तहान नाई मले."

श्रावणनं बायकोच्या हातातला तांब्या घेतला आणि माझ्या रेडिएटरवर धरला.

"गाडीले चालते ना, भाऊ?"

मी खाली पाहत 'हो' म्हणालो.

वरोऱ्यापर्यंत इंजिन तापलं नाही. त्याच्या घरचं पाणी पिऊन गाडी मला घरी नेत होती, आणि माझा घसा कोरडा पडला होता.