खंडित देवी

ट्रॅक्टर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत मागं घेतला होता. देवीला धक्का लागू नये म्हणून ट्रॉलीत कडबा अंथरला होता.

रंगकामाची शिडी पडली होती आणि गाभाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या देवीच्या पोटाचा टवका उडाला होता. खंडित मूर्ती पुजत नाहीत, तलावात सोडायची, असं कमिटीनं ठरवलं. संगमरवराची नवी देवी सभामंडपात येऊन पडली होती.

"दोर टाका," बबनराव म्हणाले. ते कमिटीचे अध्यक्ष, आणि ऊसतोडीच्या टोळीचे मुकादमही.

भिवराबाई ओटीचं सामान घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. उद्या टोळी कारखान्यावर निघणार होती. गाव सोडायच्या आधी बायका याच देवीची ओटी भरत. तिच्या आईनं भरली होती, आजीनं भरली होती. देऊळ कुणी बांधलं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ओटी मात्र एकाही वर्षी चुकली नव्हती.

"सरका भिवराबाई. पोरांना आत जाऊ द्या."

"कावून नेता तिला?"

"पोट फुटलंय तिचं. अशी देवी पुजली तर गावाला बाधतं."

भिवराबाई उठली नाही. "माजी गर्भाची पिशवी काढलीय, बबनराव. पाळीपायी तोडीला खाडे पडतेत म्हनून. निम्म्या गावातल्या बायांची काढलीय. आमी बाधलो का गावाला? का आमालाबी टाकता ट्रॉलीत?"

पुजारी उत्तरेश्वर खाली बघू लागला. दोर घेतलेली पोरं जागीच थांबली.

"देवाचं येगळं असतंय," बबनराव म्हणाले.

"तिलाच इचारा मंग."

भिवराबाईनं आत जाऊन देवीच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि पुन्हा उंबऱ्यावर बसली. टोळीतली मनिषा येऊन तिच्या शेजारी टेकली. मग वर्षाराणी, कडेवरच्या लेकरासकट. बघता बघता गाभाऱ्याचं दार बायकांनी भरून गेलं.

बबनरावांची बायको प्रयागबाई नव्या देवीसाठी आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खांबाशी ठेवलं आणि बायकांत जाऊन बसली.

"तू कावून बसलीस तिथं?" बबनरावांनी आवाज चढवला.

प्रयागबाईनं पदर नीट केला.

"दवाखान्यात तुमीच नेलतं की मला."