आईची ओळ

मार्थाने ज्येष्ठमधाची काडी मोडून अर्धी तोंडात टाकली, अर्धी सवयीने पर्समध्ये ठेवली. चर्चमध्ये गायकांचे दोन बाक समोरासमोर. संध्याकाळच्या उपासनेत मरियेच्या गीताची एक ओळ इकडून, पुढची तिकडून. तिकडे धाकटी बहीण करुणा होती.

मधली एकटीने म्हणायची ओळ आधी आईची होती. आई गेल्यावर गायनमास्तरांनी ती करुणाला दिली. तेव्हापासून दोन वर्षं मार्थाने तिच्याशी अबोला धरला होता.

आज करुणा उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला आवाज फाटला. ‘जिरली,’ मार्थाला वाटलं. मग करुणाचे लाल झालेले कान दिसले, लहानपणी पाढे चुकल्यावर व्हायचे तसे. मार्था उठली आणि आईसारखीच सावकाश ती ओळ गायली.

उपासनेनंतर फाटकाशी ती करवादली, “घसा बसलाय तर आधी सांगायचं, बावळट!”

“बोलत होतीस कुठे, ताई?”

मार्थाने पर्समधली अर्धी काडी तिच्या हातावर ठेवली.