साखरेचं पाणी

रुग्णवाहिकेवरचा मदतनीस घरात शिरला तेव्हा आजी बेशुद्ध आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने साखरेचं पाणी पाजत होत्या. आजोबांना मधुमेह होता. मागच्या खेपेला साखर उतरली तेव्हा यानेच आजींना समजावलं होतं, "घाम सुटला की लगेच साखर द्या. पण गिळण्याइतकी शुद्ध असेल तरच." धाबं दणाणलेल्या आजींना त्यातलं पहिलंच आठवलं होतं. त्याने आजोबांच्या घशातलं पाणी नळीने ओढून काढलं, शिरेतून ग्लुकोज दिलं, छाती दाबदाबून पाहिली. पण पाणी केव्हाच फुप्फुसात उतरलं होतं. अखेर त्याने हात थांबवले. आजी नवऱ्याची चिकट हनुवटी पुसत राहिल्या. "बाळा, अर्धा पेला प्यायले रे," त्या म्हणाल्या. "मी थोडं आधी द्यायला हवं होतं का?" "नाही आजी," तो म्हणाला. "तुमचं काहीच चुकलं नाही."