आधी मीटर, मग शिडी

पंधरा दिवस झाकण लावून ठेवलेल्या पाण्याच्या नव्या टाकीत माझा मेव्हणा सेंटरिंगच्या फळ्या काढायला उतरणार होता. ओल्या फळ्या कुजताना आतला प्राणवायू खाऊन टाकतात, हे मी सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होतो. पण मी पडलो साइटवरचा एक नंबरचा टवाळखोर, त्यामुळे सगळे फिदीफिदी हसत होते.

“दाजी, वास तर काहीच येत नाही,” मेव्हणा म्हणाला.

“वास आला असता तर तुझ्या नाकानंच तुला अडवलं असतं. मला कशाला बोलावं लागलं असतं?”

मग साहेबांना गाठलं. “साहेब, ते हवा तपासायचं मीटर दोरीनं आधी आत सोडा.”

“पडलं तर? केवढ्याचं आहे माहितीये?”

“आणि हा पडला तर?”

“त्याला शिडी आहे ना.”

म्हणून मी शिडीच गायब केली. दुपारपर्यंत शिव्या खाल्ल्या, पण एकच धरून बसलो, आधी मीटर, मग शिडी. शेवटी वैतागून साहेबांनी मीटर आत सोडलं. अर्ध्यातच ते कोकलायला लागलं.

“दाजी, मीटरला काय केलंत?” मेव्हणा हसत सुटला.

साहेबांनी मीटर वर ओढलं, कुठे ओरखडा पडलाय का ते पाहिलं आणि रुमालानं पुसलं. “बिघडवलंस ना? झाली मस्करी. आता आण ती शिडी.”

मी आणली. तुकडे सहा होते, त्यामुळे दोन फेऱ्या माराव्या लागल्या.