हमीपत्र

“घरात फक्त इंग्रजी बोलू, रविवारचा अहिराणी वर्ग सोडू, अशी हमी द्या. नाहीतर तुमच्या सृष्टीला पाचवीत प्रवेश नाही,” मुख्याध्यापिकांनी धनेशपुढे कागद सरकवला. तो वर्ग खानदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांसाठी धनेशच चिखलीत घ्यायचा. “दोन भाषांत मूल गोंधळतं हो,” बाई हसत म्हणाल्या. “मॅडम, चाकणला आमच्या प्रेस मशीनवर सूचना तीन भाषांत लावल्यात, कुणाचं बोट जाऊ नये म्हणून. अजून कुणी गोंधळलं नाही,” धनेश म्हणाला. “ही शाळा आहे. सही करा.” शेजारी बसलेल्या सृष्टीच्या आजीला कागदावरचं काहीच उमगेना. सृष्टीनं कागद उचलला, त्यावरचं इंग्रजी न अडखळता वाचलं आणि अहिराणीत तिला समजावलं. “मंग मी घरमा मुकी बसू का?” आजीनं विचारलं. सृष्टीनं हा प्रश्न बाईंना इंग्रजीत सांगितला आणि ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.